बारावी सुई

वनिता,

तुला जाऊन आज सोळा दिवस झाले. तेरावं उरकलं, पाहुणे आपापल्या गावी गेले, सोसायटीच्या ऑफिसातून आणलेल्या खुर्च्या परत गेल्या. जावईबापू पुण्याला कामावर हजर झाले. घरात आता मी, आपली मंजिरी आणि तिचा दोन वर्षांचा ओम. मंजिरी अजून आठवडाभर राहीन म्हणते. तिला वाटतं, मी एकटा राहिलो तर जेवणार नाही. जेवतो मी. फक्त पोळी करपली तर कुणावर डाफरायची सोय उरलेली नाही.

लोक येऊन तुझ्याबद्दल फार चांगलं बोलून गेले. शांत होत्या, सोशिक होत्या, कुणाला कधी दुखावलं नाही. मी मान डोलावत होतो. त्यांना काय ठाऊक तू किती हट्टी होतीस ते. बोळिंजच्या या चौथ्या मजल्यावर वीस वर्षं राहूनही तू पाण्याला पानीच म्हणत राहिलीस. मी सुधारायला गेलो की म्हणायचीस, "पानी म्हटल्यावर तहान भागत नाय का?" यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही. आता घाई नाही, सुचेल तेव्हा सुचेल.

आज लिहायला बसलो आहे ते मात्र तुझं गुणगान करायला नाही. तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. दोन वर्षं राहिली. रोज समोर होतीस, चहा द्यायचीस, माझ्या गोळ्या काढून ठेवायचीस, आणि मी रोज उद्यावर ढकलत होतो. तुझा तो सुयांचा डबा कपाटात वरच्या फळीवर आहे. त्याला हात लावायचा तर आधी हे सांगायला हवं.

पण आधी गोधडीचं सांगतो, कारण गोधडी मला तुझ्याइतकीच तुझ्या आईनं शिकवली. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत मी तुझ्या माहेरी, चांदीपला मुक्कामाला आलो होतो. तुमचं घर डोंगराला टेकून. त्या दोन दिवसांत डोंगरावरून असा वारा सुटला होता की कौलं खडखडत होती आणि मधूनच आडवा पाऊस. शेतात भाताची झोडणी राहिलेली, तुझा दादा आत-बाहेर करत होता. तुझ्या आईनं दार लावून घेतलं, जुनी लुगडी काढली, जमिनीवर पसरली, चार कोपऱ्यांवर चार तांबे ठेवले आणि चार बाजूंनी चौघी बसल्या. वारा सुटला की हाताला काम द्यावं, नाहीतर जीव भिरभिरतो, असं त्या म्हणाल्या. मी परळच्या चाळीत वाढलेला. गोधडी म्हणजे अंगावर घ्यायची वस्तू, एवढंच मला माहीत. ती कडेने सुरू होते आणि फेरे घेत घेत आत येते, बोटभर अंतरावर एकेक फेरा, हे मी तेव्हा पाहिलं.

तिसऱ्या दिवशी फेरे मधोमध येऊन थांबले. दोन बोटं जागा उरली. मला वाटलं, आता तुझी आई तिथं टाका घालून दोरा तोडणार. तर त्यांनी सुई माझ्या हातात दिली. म्हणाल्या, ही गोधडीची बेंबी. हिचा टाका शिवणारणीनं घालायचा नाही, घरातल्या दुसऱ्यानं घालायचा. "एकटीनं पुरी केली तर एकटीलाच ऊब देते."

नवा जावई, चार बायका बघतायत, वर सुई हातात. तो टाका इतका वाकडा गेला की तुझ्या आईनंही पदर तोंडाला लावला. मी उसवायला लागलो तर तू पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवलास. बेंबी उसवायची नसते म्हणालीस. त्यानंतर तू किती गोधड्या शिवल्यास कोण जाणे. भावाला, नणंदांना, शेजारणींना, मंजिरीच्या लग्नाला. प्रत्येकीच्या पोटात माझा एक वाकडा टाका आहे.

मी निवृत्त झालो तेव्हाचं तुला आठवत असेल. कंपनीच्या स्टोअरमध्ये बत्तीस वर्षं नट, बोल्ट, वॉशर मोजण्यात गेली. सकाळी द्यायचे, संध्याकाळी परत घ्यायचे, आणि मोजणी जुळलीच पाहिजे. ती माझी कधी चुकली नाही. हे मी तुला दिवसातून एकदा तरी ऐकवत असे. घरी बसल्यावर पहिल्या महिन्यात मी तुझ्या स्वयंपाकघरातल्या वाट्या मोजल्या, चमचे मोजले, डाळीच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. एक दिवस सुयांचा पत्र्याचा डबा आणून माझ्यासमोर ठेवलास. म्हणालीस, "मला आता नेढं दिसत नाय. तुमी ओवून देत जा."

झालं. माझं स्टोअर परत उघडलं. सकाळचा चहा झाला की मी बारा सुया ओवायच्या, प्रत्येकीत हातभर दोरा, आणि ओळीनं कापडाच्या गादीवर टोचून तुला द्यायच्या. एक दोरा संपला की तू दुसरी सुई उचलायचीस, म्हणजे हात थांबत नाही. संध्याकाळी रिकाम्या सुया माझ्याकडे परत. मी मोजायचो. बारा दिल्या, बारा आल्या. तू हसायचीस, पण गादी रोज वेळेवर आणून द्यायचीस.

आता त्या डिसेंबरचं.

ओम झाला आणि मंजिरी इथं बाळंतपणाला होती. मूल हाती आल्याशिवाय त्याच्या कापडाला कात्री लावायची नाही, ही तुझ्या माहेरची रीत. त्यामुळे गोधडी शिवायला तुझ्याकडे बरोबर बारा दिवस होते. बारशाला बाळ पाळण्यात घालायचं ते आजीच्या गोधडीवर. वर तुझ्या आईचं लुगडं, खाली तुझी ती पिवळी सुती साडी, आणि मधे माझा स्टोअरचा निळा शर्ट. शर्टाला मी विरोध केला होता. धुऊन धुऊन आता कुठं मऊ झालाय म्हणालीस. मला तेव्हा वाटलं शर्टाबद्दल बोलते आहेस.

सातव्या दिवशी वादळ लागलं. ऐन थंडीत समुद्रात काहीतरी बिघडलं आणि आडवा पाऊस सुरू झाला. वीज गेली, लिफ्ट बंद, खाली गेटपाशी घोटाभर पाणी. खिडक्या अशा धडधडायच्या की बाळ दचकून उठायचं. चांदीपहून दादाचा फोन आला, भाताचे भारे खळ्यावर भिजले, बारशाला येणं काही खरं नाही. तू फोन ठेवलास, खिडकीपाशी उजेडात गोधडी ओढलीस आणि शिवायला लागलीस. तुझ्या आईसारखीच बसली होतीस. मी ते बोललो नाही. बोलायला हवं होतं.

आठव्या दिवशी सकाळी दूध आणायला खाली जायचं होतं. माळ्यावरून छत्री काढली तर एका काडीचं कापड सुटलेलं. मी गादीवरची एक सुई घेतली, काळा दोरा ओवला, चार टाके घातले. मग उरलेल्या सुयांत पांढरा दोरा ओवला, गादी तुझ्यापुढे ठेवली आणि म्हणालो, "बारा." मोजल्या नव्हत्या. रोज बाराच असतात तर मोजायचं काय. छत्रीची सुई छत्रीतच टोचलेली राहिली, आणि मी दूध आणायला गेलो.

संध्याकाळी तू अकरा दिल्यास.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या तोंडून ऐक. मी म्हणालो, एक कमी आहे. तू म्हणालीस, मोजा परत. मोजल्या. अकरा. आपण बिछाना झटकला, केर चाळला. मी फ्रीजवरचं चुंबक काढून गोधडीवरून फिरवलं. तू म्हणालीस, चुंबकानं समाधान होईल, खात्री होणार नाही. आठ दिवसांचं पोर हिच्यावर निजणार. मग तू हळूच विचारलंस, सकाळी नक्की बारा होत्या ना. आणि माझा तोल गेला. बत्तीस वर्षांत एक नट कमी आला नाही माझ्याकडून, असं मी म्हणालो. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण पुढे म्हणालो, तुमच्याकडे वस्तू जागच्या जागी ठेवायची पद्धतच नाही. तुमच्याकडे म्हणजे कुणाकडे, ते तुला बरोबर कळलं. मंजिरी बाळाला पाजत होती, तिनं मान खाली घातली.

नवव्या दिवशी सकाळी उजेड झाल्याबरोबर खिडकीशी बसून पहिल्या फेऱ्यापासून गोधडी उसवायला लागलीस.

दुपारपर्यंत निम्मी उसवली होतीस. मेणबत्त्या संपल्या म्हणून मी खाली निघालो. तळमजल्यावर जिन्याच्या तोंडाशी छत्री उघडली आणि ती सुई माझ्या डोळ्यांसमोर. काळ्या कापडावर टोचलेली, दोऱ्याचं शेपूट लोंबतंय. काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे तू मला आयुष्यभर म्हणत आलीस, चष्म्यावरून, किल्ल्यांवरून. त्या दिवशी खरोखरच काखेत होता.

मेणबत्त्या न आणताच मी परत फिरलो. तुला सांगायलाच. चार जिने चढताना काय बोलायचं ते जुळवत होतो. निम्मी गोधडी अजून शाबूत होती, दोन दिवसांत तू जोडून घेतली असतीस. दारापाशी आलो. दार लोटलेलं होतं. आत मंजिरी तुला म्हणत होती, आई, बाबांचीच मोजायला चूक झाली असेल, कशाला उसवतेस एवढं. आणि तू म्हणालीस, "त्यांची मोजणी चुकत नाय. बत्तीस वर्षं चुकली नाय. सुई आतच हाय."

वनिता, तू रागावून बोलली असतीस, चिडली असतीस, तर मी आत येऊन सांगितलं असतं. तू विश्वास ठेवलास म्हणून मला सांगता आलं नाही. सुई शर्टाच्या खिशात घातली, परत खाली गेलो, मेणबत्त्या आणल्या. आणि तू उरलेली निम्मी गोधडी उसवत असताना समोर खुर्चीत बसून राहिलो.

दहाव्या दिवशी सगळे थर सुटे झाले. तू लुगडं झटकलंस, साडी झटकलीस, माझ्या शर्टाची शिवण न् शिवण चाचपलीस. काही नाही. तुझा चेहरा बघवेना. तू आंघोळीला गेलीस तेव्हा मी सुई पलंगाच्या पायाशी टाकली. केर काढताना ती तुला मिळाली. उचललीस, खिडकीकडे धरून बघितलीस. "मिळाली," म्हणालीस, आणि डब्यात ठेवलीस. बस्स. मला वाटलं, सुटलो.

बारशाला गोधडी झाली नाही. पाऊस थांबला होता. व्याह्यांनी आणलेल्या अस्वलांच्या चित्रांच्या ब्लँकेटवर ओमला पाळण्यात घातला. विहीणबाईंनी साधंच विचारलं, आजीची गोधडी कुठाय. तू सगळ्यांसमोर म्हणालीस, माझे डोळे गेले आता, सुई हरवली हातून. मी घुगऱ्या वाटत होतो. वाटतच राहिलो.

पुढे दोन महिन्यांत ती गोधडी तू पुन्हा शिवलीस. तुझ्या नेहमीच्या वेगाच्या मानानं फार सावकाश. मंजिरी पुण्याला निघाली त्या सकाळी सुई पुढे करून म्हणालीस, अहो, बेंबी घाला. मी म्हणालो, नंतर बघू, रिक्षा खाली येऊन थांबली आहे. रिक्षा आली नव्हती. त्या गोधडीत टाका घालायला माझा हात धजला नाही. ती तशीच पुण्याला गेली. आणि त्यानंतर तू एकही गोधडी शिवली नाहीस. शेजारच्या काकू जुन्या साड्या घेऊन आल्या तर तू हात जोडलेस. डोळ्यांना दिसत नाही म्हणालीस. डबा वरच्या फळीवर गेला.

तुझा हात मी घालवला. तू न केलेली चूक तुझ्या गळ्यात बांधली आणि तू ती दोन वर्षं वागवलीस. सुई माझ्याकडे होती, वनिता. हे तुला सांगायचं होतं.

*

वरचं सगळं परवा लिहिलं. लिहून झाल्यावर मोकळं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. कागद तुझ्यापर्यंत जाणार नाही हे मलाही कळतं. म्हणून काल दुपारी ओमला झोपवून मंजिरी भांडी लावत होती, तेव्हा तिला सांगितलं. छत्रीपासून पलंगाच्या पायापर्यंत, सगळं. ती हातातलं पातेलं खाली ठेवून ऐकत होती. मला वाटलं रडेल, नाहीतर चिडेल.

ती म्हणाली, "बाबा, आईला माहीत होतं."

मी म्हणालो, कधीपासून.

"सुई मिळाली त्याच दिवसापासून. तिच्यात काळा दोरा होता. बाळाच्या गोधडीत काळा दोरा कुठून येणार? तिनं छत्री उघडून टाके बघितले आणि परत मिटून ठेवली. मला संध्याकाळी सांगितलं."

घाईघाईत मी दोरा काढलाच नव्हता. बत्तीस वर्षं स्टोअर सांभाळलेला माणूस, आणि चोरी करताही आली नाही.

मंजिरीनं तुझं बोलणं तुझ्याच शब्दांत सांगितलं. तू म्हणाली होतीस, "बाबांना बोलू नको. रिटायर झाल्यापासून त्यांच्याकडं मोजायला दुसरं कायच नाय."

मग मी तिला ते विचारलं जे मला दोन वर्षं खात होतं. आईचा हात मग का गेला? डोळे? मंजिरी माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, आईचे डोळे कुठे गेले होते बाबा? परवापरवापर्यंत तांदूळ ती चष्म्याशिवाय निवडायची. विजेच्या बिलावरची बारीक अक्षरं तुम्हाला कोण वाचून दाखवायचं? ओवून द्या म्हणाली ते तुम्ही घरात नुसते बसून होतात म्हणून. आणि गोधड्या सोडल्या त्या, परत कधी सुई कमी आली तर तुम्ही मनाला लावून घ्याल म्हणून. तुम्हाला मोतीबिंदू सुरू झालाय, आता सुया इकडेतिकडे होणार, हे तिला दिसत होतं.

मोजायला बसलो की मला बारीकसारीक सगळं दिसतं, असा माझा समज होता. तू माझ्यासमोर ताटात तांदूळ पसरून खडे काढायचीस, बिनचष्म्याची, आणि मी शेजारी बसून पेपर वाचत असे. एकदाही डोक्यात आलं नाही की हिला खडा दिसतो तर नेढं का दिसत नाही.

खरं सांगू, मला आधी राग आला. अजून थोडा आहे. तुला जे भांडायचं होतं ते तू भांडायला हवं होतंस. सुई माझ्या तोंडासमोर धरायची होतीस. मी आरडाओरडा केला असता, दोन दिवस अबोला धरला असता, मग कधीतरी जेवताना कबूल केलं असतं, आणि तू मरेपर्यंत मला त्यावरून टोमणे मारले असतेस. ते मला चाललं असतं. तुझी इतक्या वर्षांची गोधडी माझ्यासाठी बंद करायला तुला कुणी सांगितलं होतं? मला विचारलंस का? आपण दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट दोन वर्षं लपवत होतो, एका घरात, एका चहाच्या किटलीभोवती. तू मला सांभाळत होतीस आणि मी तुला फसवत होतो. हे भांडण आता मी एकटा कसं भांडू?

राग ओसरला की मग नुसतं रडू येतं. मंजिरीसमोर रडलो. तिनं पाठीवरून हात फिरवला, अगदी तू फिरवायचीस तसा, वरून खाली. तिला ते माहीतही नसेल.

मग ओम उठल्यावर ती आत गेली आणि त्याच्या बिछान्यावरून गोधडी घेऊन आली. तिच्याशिवाय तो झोपत नाही, त्यामुळे जाईल तिथं बरोबर असते. मधोमध ती दोन बोटांची जागा तशीच उघडी. वरचं लुगडं तिथं विरून आतला निळा शर्ट दिसायला लागलाय, ओम त्यात बोट घालून झोपतो म्हणे. मंजिरी म्हणाली, मी कितीदा म्हटलं आईला, मी घालते टाका. तर म्हणायची, राहू दे, बाबा घालतील.

आज सकाळी माणिकपूरला गेलो. तू स्टेशनजवळच्या त्या एकाच दुकानातून दोरा घ्यायचीस, बाकीच्यांचा दोरा तुटका म्हणायचीस. दुकानातल्या बाई मला ओळखतात. पांढरं रीळ काढत म्हणाल्या, काकी लय दिवस आल्या नाही हो, दोन वर्षं तरी झाली असतील. मी म्हणालो, ती गेली, अठरा दिवस झाले. त्यांनी रीळ कागदात बांधून दिलं आणि वरून स्वतःहून दोऱ्याचं टोक ओढून, तोडून दाखवायचा प्रयत्न केला. तुटला नाही. तू असंच बघून घ्यायचीस ना.

घरी आलो आणि डबा खाली काढला. गादीवर अकरा सुया ओळीनं. बारावी झाकणाच्या आत वेगळी टोचलेली, नेढ्यात अजून तो काळा दोरा. तू काढला नव्हतास. का ठेवलास, मला दाखवायला की मीच एक दिवस डबा उघडून काय ते समजेन म्हणून, ते आता कळायचा मार्ग नाही. मी तो दोरा हळूच ओढून काढला आणि त्याच सुईत पांढरा ओवायला बसलो.

पाऊण तास लागला. नेढं दिसतच नव्हतं, दोन-दोन दिसायची. मंजिरी दोनदा म्हणाली, द्या बाबा, मी ओवते. मी नको म्हणालो. ओम समोर बसून बघत होता. एकदा दोरा आत गेलासं वाटून ओढला तर हातात मोकळाच आला, आणि तो खिदळला. तू रोज सकाळी हे बघत असशील. मी बारा सुया ओवेपर्यंत तुझा चहा निवायचा, आणि तू काहीतरी काम काढून माझ्याकडे पाठ करून उभी राहायचीस. मला वाटायचं, तू कामात आहेस.

शेवटी दोरा गेला. गोधडी मांडीवर घेतली, कडेपासून बोट फिरवत आत आलो. तुझे टाके दुसऱ्यांदा घातलेले, पण एकही हललेला नाही. मधे आलो. टाका घातला, गाठ मारली, दोरा तोडला. वाकडा आला आहे. चांगलाच वाकडा. क्षणभर वाटलं उसवून सरळ घालावा. मग तुझा तो चढलेला आवाज आठवला, चांदीपचा, दार लावलेल्या घरातला.

ओमनं लगेच बोट घालायला जागा शोधली. सापडली नाही म्हणून थोडा कुरकुरला, मग गाठीवर बोट ठेवून झोपला.

सुई पुसली आणि गादीवर बाकीच्यांच्या ओळीत टोचली. झाकण लावलं. मोजल्या नाहीत.